बिनलाकडाचं घर

गेल्या वर्षी एक आर्किटेक्ट मुलगी आमच्या परभणीच्या वर्कशॉपमध्ये आली. वर्कशॉप आता पुतण्या बघतो. मी सकाळी दोन तास खुर्ची टाकून बसतो आणि त्याला न विचारलेले सल्ले देतो. मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवले. कुणाची तरी बैठक होती. छताचे गर्डर उघडे, वायरिंगच्या नळ्या भिंतीवरून उघड्या नेलेल्या, नटबोल्ट जिथल्या तिथं दिसतायत आणि टेबलाच्या पायांवर चक्क गंज.

"काका, अगदी असंच हवंय," ती म्हणाली. "इंडस्ट्रियल स्टाइल. गंज दिसला पाहिजे."

गंज दिसू नये म्हणून ज्यानं उभ्या आयुष्यात रेड ऑक्साइडचे डबेच्या डबे संपवले, त्यानं यावर काय बोलावं? मी एवढंच म्हणालो की असं घर मी पालमला ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास करून दिलंय, छतापासून दाराच्या मुठीपर्यंत. तिला खरं वाटेना. "त्या काळी? पालमला? त्यांनी कुठं बघितलं होतं असं?" तिनं विचारलं. "गिऱ्हाईकानं मागितलं, मी केलं," असं सांगून मी विषय बदलला आणि पुतण्याला चहा सांगायला लावला.

तेवढ्यात या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या. गमती थोड्या आहेत. त्या मुलीला जे सांगायचं राहिलं ते लिहितो.

आमचं घराणं पांचाळ सुतारांचं. वडिलांचा हात सागवानावर असा चालायचा की चौकट बसवल्यावर त्यात नख जायचं नाही. मी लोखंडाकडं वळलो तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "लाकूड चुकलं तर रंधा मारता येतो. लोखंड चुकलं तर काय करशील?" मी म्हणालो, कापीन आणि पुन्हा जोडीन. तेव्हा वय लहान होतं, उत्तरं पटापट सुचायची.

माझा स्वभाव मुळात धास्तीचा. लोखंडाचं काम करणारा माणूस निधडा असेल असं लोकांना उगीचच वाटतं. मी कुणाकडं झोपाळा टांगून दिला की महिन्याभरानं काही निमित्त काढून त्या घरी जायचो आणि गप्पा मारता मारता कडीला एक हिसका देऊन बघायचो. आमच्या मंडळी माहेरी सांगायच्या, "ह्यांनी लग्नात हार घातला तवा बी गाठ दोनदा वढून बघितली." पण धास्तीला कारण आहे. वेल्डिंग म्हणजे दोन लोखंडं वितळवून एक करायची. वरून मण्यांच्या माळेसारखा सुबक दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. हातोडीनं ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि देवाचं नाव घेऊन रंग मारायचा. आमच्या धंद्यात चूक लगेच दिसत नाही, ती रंगाखाली वर्षानुवर्षं गप्प बसून राहते.

खंदारे गुरुजी पहिल्यांदा दुकानात आले ते भर उन्हाळ्यात. बारीक अंगाचे, प्राथमिक शाळेत शिक्षक, नुकतीच पालमला बदली झालेली. मी खुर्ची पुढं केली, पण बसायच्या आधी त्यांनी सगळं दुकान नजरेखालून घातलं आणि विचारलं, "तुमच्या दुकानाला माघं दार न्हाई का?" मी म्हणालो, नाही, मागं भिंतच आहे. मग ते बसले आणि खिशातून वहीचं पान काढलं. पानावर शाळेतल्या सुवाच्य अक्षरात यादी होती. चौकटी लोखंडी. दारं लोखंडी. खिडक्यांना जाड गज. छताला गर्डर आणि फरशी. कपाट, मांडणी, पलंग लोखंडी. त्या काळी वायरिंग लाकडी पट्ट्यांवरून न्यायची रीत होती, तर त्या पट्ट्यांनाही फाटा देऊन लोखंडी नळी. सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: घरात लाकडाची काडीसुद्धा नको.

मी पडलो सुताराचा मुलगा. जरा लागलंच मला. "काय गुरुजी, आधीच्या घराला वाळवी लागली होती का?" मी विचारलं.

"वाळवी न्हाई मिस्त्री," ते म्हणाले. "पेटवलं."

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जे व्हायचं ते झालं. त्यांचं गाव पूर्णेकाठचं. गावाचं नाव लिहीत नाही. "बौद्धवाड्यात आमचंच घर माळवदाचं. बाकीच्यांची छपरं. आज्यानं सागवानी दार बसवलं होतं, लई कौतिक त्याचं. तेच आधी पेटलं. दारातनं आग तुळईला गेली, तुळई गेली की माळवद खाली बसलं. आमी समदे ज्वारीत लपलेलो. परत येऊन बघतो तर भिंती तेवढ्या उभ्या. आन् लोखंडाची एक पेटी. पेटी काळी पडली होती, पन आतली माझी सर्टिफिकिटं चांगली होती." एवढं बोलून त्यांनी वहीचं पान माझ्याकडं सरकवलं.

मी यादी पुन्हा वरपासून वाचली आणि धास्तावलो. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी धास्ती त्यांच्यासाठी होती आणि निम्मी माझ्यासाठी. हे काम घेतलं तर गल्लीत कोण काय म्हणेल, दुकानावर येणारे बागायतदार येणं सोडतील का, असले हिशेब मी मनात करून मोकळा झालो होतो. तरी काम घेतलं. यादीच अशी होती की हात शिवशिवायला लागले. नखशिखांत लोखंडाचं घर कोणत्याही फॅब्रिकेटरच्या वाट्याला जन्मात एखाद्या वेळी येतं.

परभणीत तेव्हा कापसाचं एक जुनं जिनिंग बंद पडून त्याचं सामान निघालं होतं. त्यातले बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन खांब मी गुरुजींच्या ओसरीसाठी उचलले. बीड साध्या रॉडनं वेल्डिंग घेत नाही, तडकतं. म्हणून खांबांना पट्टे आवळून, नटबोल्टनं गर्डर बसवला. ते नट झाकायला वर लाकडी फळी ठोकायची पद्धत होती. इथं लाकूड नको, म्हणून नट उघडेच राहिले. फरशीखाली गर्डर उघडे राहिले. नळ्या भिंतीत गाडू का विचारलं तर गुरुजी म्हणाले, "भिंतीत लपलेलं काईच नको. समदं डोळ्यापुढं पाहिजे." उन्हात लोखंडी दाराची मूठ पोळायची, म्हणून मी तिच्यावर सुतळी गुंडाळून दिली. त्या आर्किटेक्ट मुलीच्या फोटोतही मुठीला सुतळी होती, मी नीट बघितलं.

घरात एकच जागा अशी होती जिथं यादी चालली नाही. गुरुजींच्या पत्नी सुमनबाई. ठेंगण्या, शांत, बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. गुरुजी भाकरीच्या लाकडी काठवटीवर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकर मी काठवटीतच थापीन. जळायचं तवा तीच आधी जळू द्या." काठवट राहिली. मी हसू दाबायला वळून गजाला पॉलिश पेपर मारत राहिलो.

पहिल्या दिवशी सुमनबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि कप हातात न देता खाली, माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला. मी घेईन की नाही याची त्यांना खात्री नव्हती. मी कप उचलला आणि प्यालो. हे लिहायला लाज वाटते, पण तो चहा प्यालो याचाच मला पुढं कितीतरी दिवस अभिमान वाटत होता. जणू काही उपकार त्यांच्यावर झाले होते.

आता कामाचं. खिडक्यांना चार-चार बोटांच्या अंतरावर चौकोनी गज, ते चौकटीला वेल्ड केलेले आणि चौकट भिंतीत आकडे सोडून पक्की बसवलेली. परसदार नाही. आमच्याकडं परसदार नसलेलं घर कुणी बांधत नाही, सुमनबाईंनी विचारलंही, "मंग भांडी कुटं घासू?" पण गुरुजींचं ठरलेलं होतं. मागून कोण येतं ते दिसत नाही, तेव्हा मागं भिंत. सगळ्या घराला एकच दार. दोन्ही बाजूंनी पत्रा, आत अँगलचा सांगाडा, आतून लावायला तीन आडवे अडसर. आणि बाहेरून, कुलूप घालायला, कडी-कोयंडा. कडी म्हणजे दारावरची पट्टी. ती चौकटीवरच्या कोयंड्यावर बसते आणि कोयंड्यात कुलूप अडकवायचं. याबद्दल यादीत काही नव्हतं आणि मी विचारलंही नाही. दार म्हटलं की त्याला बाहेरून कडी हवी, हे वडिलांच्या हाताखाली शिकलेलं. बाकी सगळं जाडजूड केलं होतं, म्हणून कडीची पट्टीही मी मुद्दाम जाड घेतली.

काम संपलं त्या दिवशी गुरुजी आत गेले आणि तिन्ही अडसर लावले. मी बाहेरून खांद्यानं धडका दिल्या. एक, दोन, पाच. आतून त्यांचा आवाज येत होता, "हाललं का? मिस्त्री, हाललं का?" मी म्हणालो, "न्हाई गुरुजी, केसभर न्हाई." अडसर सरकले, दार उघडलं आणि इतक्या दिवसांत मी गुरुजींना पहिल्यांदा हसताना बघितलं. माझा खांदा पुढं चार दिवस दुखत होता, पण त्या दुखण्याचंही मला कौतुक वाटत होतं.

इथून पुढं माझी चूक सुरू होते. मला वाटायचं, चूक झालीच तर एखाद्या जोडात होईल. महिन्याभरानं नेहमीप्रमाणे जाऊन मी सगळे जोड ठोकूनही आलो. पण चूक माझ्या तोंडात होती. त्या घराचा नकाशा मी खाकी कागदावर मोठा करून काढला आणि दुकानात, गिऱ्हाईक बसतं त्या बाकाच्या समोर, लावून टाकला. येईल त्याला दाखवायचो. गज किती जाड, दाराला किती अडसर, मागं दार कसं ठेवलं नाही, खिडकी कशी भिंतीत आवळली आहे. "अख्ख्या जिल्ह्यात असं घर न्हाई," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. कुणाचं घर, हेही सांगायचो. लपवायचं कशाला, काम माझं होतं ना.

त्या कागदानं मला गिऱ्हाइकं मिळवून दिली. त्यातलं सगळ्यात हौशी म्हणजे आबासाहेब. पोखर्णीच्या रस्त्याला त्यांची बागायती, अंगानं दणकट, बोलायला दिलखुलास. जिनिंगच्या मालकाच्या ऑफिसात ते लहानपणी वडिलांबरोबर कापूस घेऊन जायचे आणि तिथला थाट त्यांच्या डोक्यात बसला होता. नकाशा बघून म्हणाले, "मिस्त्री, आपली बैठक अशीच पाहिजे. उघडं लोखंड. फॅक्टरीत बसल्यावानी वाटलं पाहिजे." जुन्या मशिनचं दात्यांचं चाक आडवं टाकून त्यावर काच ठेवून मी त्यांना टेबल करून दिलं. गर्डरला झोपाळा टांगला. प्रत्येक नटाला त्यांनी चंदेरी रंग मारायला लावला, कारण पाहुण्यांना तो दिसला पाहिजे. गुरुजींचे नट नाइलाजानं उघडे राहिले होते. आबासाहेबांना तेच ऐट म्हणून हवे होते, आणि मला दोन्ही सारखेच जमत होते. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या मंडळींना एकदा नांदेडला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी न मागता जीप पाठवली होती. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून लोकांना भलतंच वाटेल.

अशी तेरा वर्षं गेली. मधूनमधून नामांतराचा विषय पेटायचा, बंद व्हायचे, एसट्या थांबायच्या, पुन्हा सगळं थंड व्हायचं. गुरुजींची आणि माझी वर्षातून एखाद्या वेळी परभणीच्या बाजारात गाठ पडायची. "दार कसं हाय?" मी विचारायचो. "पक्कं," ते म्हणायचे.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत जवळ आली. आता नक्की निर्णय होणार अशी बोलवा होती. पेपर आला की दुकानातल्या बाकावर तीन डोकी एका पानावर वाकायची. अशाच एका सकाळी आबासाहेब फाटकाचं माप द्यायला आले होते. आणखी दोघं-तिघं बसले होते. कुणीतरी म्हणालं, या वेळेला परत काही होतंय की काय. आबासाहेबांनी समोरच्या नकाशाकडं बघितलं आणि हातातला कप तिकडं दाखवून म्हणाले, "पालमच्या मास्तरला कशाचं भ्याव? मिस्त्रीनं किल्लाच बांधून दिलाय. गज तुटत न्हाई, दार तुटत न्हाई."

मी मान हलवली. खुशीत होतो.

"पर मी म्हनतो तोडायचं कशाला?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "बाहेरून कडी घातली की झालं. बसा आतल्या आत."

सगळे हसले. मी पण हसलो.

आबासाहेब फाटकाचं माप देऊन निघून गेले. त्यांच्या मनात तसं काही करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. बोलण्याच्या ओघात बोलून गेले. पण ज्याच्या मनात करायचं असेल तोही कुठल्या तरी बाकावर असाच बसलेला असणार. मी वेल्डिंगला बसलो तर रॉड पुन्हा पुन्हा पत्र्याला चिकटायला लागला. डोळ्यांपुढं ते घर येत होतं. खिडक्यांतून मांजर जाणार नाही. मागं भिंत. वर फरशी. एकच दार, आणि त्या दाराला बाहेरून, माझ्या हातानं, जिल्ह्यातली सगळ्यात जाड कडी. तेरा वर्षं मी बाहेर उभा राहूनच त्या घराकडं बघत होतो. दार बाहेरून हलतं का, एवढंच तपासलं होतं. आत बसून बाहेरचा विचार एकदाही केला नव्हता. जेवायच्या सुट्टीत मी भिंतीवरचा कागद काढला आणि भट्टीत घातला. घरी मंडळींनी विचारलं, ताट का सारलं. मी म्हणालो, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. पिशवीत हॅक्सॉ, ब्लेडं, हातड्रिल आणि दोन्ही बाजूंनी चावीनं उघडणारं एक पेटीकुलूप. स्टँडवर पोलीस पिशव्या बघत होते. माझ्या पिशवीतून हॅक्सॉ निघाला तेव्हा शिपायानं मला वरून खाली बघितलं. "कशाला न्यायलाव?" मी म्हणालो, दाराचं काम आहे. "कुनाच्या?" मी म्हणालो, "एका मास्तरच्या." नाव सांगायचा धीर झाला नाही. जो माणूस तेरा वर्षं येईल त्याला ते नाव सांगत होता, त्याची जीभ नेमकी तिथं अडकली. शिपायानं पिशवी परत दिली. गंगाखेडला गाडी अर्धा तास थांबली आणि कुणी सांगेना का थांबली. माझ्या शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "बरं न्हाई का वो तुमाला?"

पालमला उतरून मी चालत गुरुजींच्या घरी गेलो. घर गावाच्या कडेला. लांबूनच दिसलं, दार बंद आणि दाराला हे एवढं कुलूप. जीव भांड्यात पडला. गेले असतील कुठं नातेवाइकांकडं, शहाणपण केलं. आता ते येईपर्यंत निवांत कडी कापून ठेवावी म्हणून ओसरीवर चढलो, पिशवी टेकवली आणि बीडाच्या खांबाला पाठ लावून घाम पुसला. तेवढ्यात आतून आवाज आला. थप, थप, थप. कुणीतरी भाकरी थापत होतं.

आत माणसं होती, आणि बाहेर कुलूप होतं.

कोणी घातलं, कधी घातलं, आतल्यांना माहीत आहे का, काही सुचेना. मी हॅक्सॉ काढून सरळ कुलपावर चालवायला लागलो. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज त्या पत्र्याच्या दारातून आत कसा गेला असेल, याचा विचारच केला नाही. भाकरीचा आवाज बंद झाला. आतून गुरुजींनी विचारलं, "कोन हाय?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. मी ओरडलो, "गुरुजी, मी पांचाळ. भिऊ नका. आता कापतो बघा." आत अडसर सरकले. एक, दोन, तीन. आणि दार सरळ उघडलं. कुलूप तसंच लटकत होतं.

दारात सुमनबाई उभ्या होत्या, दोन्ही हात पिठाचे. त्यांच्या मागं गुरुजी, हातात अडसराचा गज. तो त्यांनी हळूच खाली केला. मी कुलपाकडं बघितलं. कडी बाजूला मोकळी लोंबत होती. कुलूप नुसत्या कोयंड्यात घातलं होतं.

"वहिनी, हे कुलूप..." मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

"कोयंड्यात कुलूप असलं की कडी बसत न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "आमी घरात असलो की मी ते असं घालून ठिवते. बाहेर जाताना काढते आन् कडीसंगं लावते."

"कधीपासून?"

"तुमी काम संपवून गेलात त्याच दिवशीपासनं."

गुरुजींनी खाली बघितलं. "मला बी लई वर्सं सांगितलं न्हाई तिनं," ते म्हणाले. "मी म्हनायचो, बाई इसरती कुलूप काढायचं."

मी ओसरीवर बसून घेतलं. सुमनबाईंनी पाणी दिलं, हातात. मी म्हणालो, तरी ही कडी आज कापूनच टाकतो, कुणी तारेनं गुंडाळली तरी दार अडकेल. नवं कुलूप बसवतो, आतूनही उघडतं. पुढच्या आठवड्यात येऊन एका खिडकीचे गज बिजागरीवर घेतो, म्हणजे दुसरी वाट होईल. त्या म्हणाल्या, "बगू." मी कापायला बसलो. जाड पट्टी माझीच निवड होती. दोन ब्लेडं तुटली तरी ती निम्मी झाली नव्हती.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. नामांतर झालं. त्या घराच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. मी पुढच्या आठवड्यात जाऊन खिडकी करून दिली आणि त्यानंतर कुठल्याच गिऱ्हाइकाच्या घराचा कागद दुकानात लावला नाही. पण त्या सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी घासत होतो आणि न राहवून विचारलं, "वहिनी, मला का नाही सांगितलं? एक कार्ड टाकलं असतं तरी आलो असतो."

त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमाला सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आमचे गज किती जाड हायत, दाराला आतून किती अडसर हायत, आमी कुनाला सांगितलं न्हाई. पर इथं समद्यांला ठाऊक हाय. लोक म्हनतेत, परभनीला मिस्त्रीच्या दुकानात कागद लावलाय."

"काढला तो," मी म्हणालो. "काल काढला."

"काल?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काल काय झालं?"

मग मला सांगावं लागलं. चहा, बाक, बसलेली माणसं, बाहेरून कडी घालायची गोष्ट. आबासाहेबांचं नाव सांगितलं नाही, एक गिऱ्हाईक म्हणालो. गुरुजी आत निघून गेले. सुमनबाई तशाच बसून होत्या, बोटांवरचं वाळलेलं पीठ चोळून काढत.

"आन् तुमी काय म्हनालात त्याला?" त्यांनी विचारलं.

"काई बोललो न्हाई," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. मी हसलो होतो.